न्यायमूर्ती निवडून द्यावेत का?

मंडळी, दौलतगंजात संध्याकाळी चार जण जमले की एक वकील निघतोच, त्यामुळे हा विषय आपल्याकडे जुनाच. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातील एका जागेसाठी १ एप्रिल २०२५ रोजी चक्क मतदान झाले. सुसान क्रॉफर्ड यांनी ब्रॅड शिमेल यांना हरवले. प्रचारावर जवळपास १० कोटी डॉलर उधळले गेले. इलॉन मस्क यांनी दोघा मतदारांना दहा-दहा लाख डॉलरचे धनादेश दिले. तरी त्यांचा उमेदवार पडलाच!

आपल्याकडे अशी निवडणूक नाही. १९९३ च्या निकालापासून न्यायमूर्तींची नावे न्यायमूर्तींचेच कॉलेजियम सुचवते. त्याऐवजी आयोग नेमण्याचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १६ ऑक्टोबर २०१५ रोजी रद्द केला. पण म्हणून राजकारण बाहेर राहिले का? जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासाठी आरती साठे यांचे नाव आले. त्या पूर्वी भाजपच्या प्रवक्त्या होत्या. रोहित पवारांनी आक्षेप घेतला; पक्षाने सांगितले की त्यांनी जानेवारी २०२४ मध्येच राजीनामा दिला होता. नेमणूक झाली.

आमच्या मते वकिलाने पक्षात काम करणे हा गुन्हा नव्हे. न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर तर केरळात मंत्री होते, आणि त्यांचे निकाल आजही वाचले जातात. खटकते ते वेगळेच. एखादे नाव का निवडले, हे लोकांना कळत नाही. २०१७ पासून कॉलेजियमचे ठराव संकेतस्थळावर येतात खरे, पण अलीकडे ते अनेकदा नावांपुरतेच असतात. पक्षाचे पद सोडल्यावर किती काळ थांबावे, याचाही नियम नाही. दीड वर्ष पुरेसे की नाही, हे मग ज्याच्या त्याच्या पक्षावर ठरते.

मतदान मात्र नको. ज्याने निवडणुकीला पैसे दिले त्याचाच खटला उद्या समोर आला तर? आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीची निवडणूक आठवा. तिथे पैसा नसतो, तरी वर्षभर दोन गट बोलत नाहीत.

आपल्या ग्वाल्हेरला याची झळ थेट बसते. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाची ५३ मंजूर पदे जबलपूर, इंदूर आणि ग्वाल्हेर मिळून आहेत, आणि ती वर्षानुवर्षे पूर्ण भरत नाहीत. वाड्याच्या वाटणीचा दावा आजोबांनी लावायचा आणि तारखेला नातवाने जायचे, अशी घरे आपल्यातही आहेत. त्यांना न्यायमूर्ती कोणत्या पक्षाचे होते यापेक्षा खुर्चीवर कुणी बसले आहे का, हे आधी हवे असते.