सुटे भाग

आपल्या भाषेत 'जोडणे' हे मोठ्या मानाचे क्रियापद आहे. शहाणा मनुष्य माणसे जोडतो, कष्टाळू मनुष्य जमीन जोडतो, भाविक पुण्य जोडतो, आणि नव्या नवरीच्या पायाच्या बोटांत जी घालतात त्यांना आपण जोडवीच म्हणतो. असे असूनही "याने काय केले? नुसती जोडाजोड केली!" असे कुणी म्हटले की त्या बिचाऱ्या गृहस्थाची किंमत चार आण्यांवर येते. एकाच धातूला भाषेने अशा दोन वागणुका का द्याव्यात, हे मला पंचवीस वर्षे मराठी शिकवूनही नीटसे उमगले नव्हते.

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे की, धातू म्हटला की मला व्याकरणातला आठवतो. पण गेले दीड वर्ष आमच्या माजलगावच्या घराच्या अंगणात दुसऱ्या प्रकारचा धातू येऊन पडला आहे. एक इंची चौकोनी पाईप, लोखंडी पट्ट्या, एका अपघातग्रस्त ओम्नी गाडीचे इंजिन, तिचाच मागचा आख, चार चाके आणि डबाभर नटबोल्ट. तुळशीवृंदावनाला प्रदक्षिणा घालायची तर आमच्या सौभाग्यवतींना आता गिअरबॉक्सलाही घालावी लागते. त्यांची त्याबद्दल तक्रार नाही. कारण हा सारा संसार मांडणारा त्यांचा लाडका भाचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा आहे.

मुलगा पदविकेचा इंजिनिअर. पुण्याजवळच्या एका कारखान्यात तीन वर्षे कंत्राटी कामावर होता. मोटारींचाच कारखाना. याचे काम एकच: पुढे सरकत येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या डाव्या दाराला रबरी पट्टी बसवायची. कंत्राट संपले, तसा तो गावी परत आला. पहिल्या दिवशी जेवताना मला म्हणाला, "मामा, हजारो गाड्या हाताखालून गेल्या, पण मी मोटार केली असं मला म्हणता येत नाही. एकदा एक सबंध करून बघतो."

मला वाटले, मुलगा थकला आहे, आठ दिवसांनी विसरेल. नवव्या दिवशी पाईप आले.

आता ही कोणती मोटार, ते सांगितले पाहिजे. इंग्लंडात १९५७ साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने 'सेव्हन' नावाची एक चिमुकली स्पोर्ट्‌सकार काढली. दोन माणसांपुरती जागा, छप्पर नावापुरते, दारे जवळजवळ नाहीतच, आणि वजन इतके थोडे की फोर्डचे जेमतेम ४० अश्वशक्तीचे इंजिनही तिला वाऱ्यासारखे पळवी. चॅपमन यांचा सारा भर वजन कमी करण्यावर होता. शक्ती वाढवलेली गाडी सरळ रस्त्यावर पळते, वजन उतरवलेली गाडी वळणावरही पळते, हे त्यांचे गणित. त्या काळी इंग्लंडात तयार मोटारीवर जबर विक्रीकर असे. सुट्या भागांवर तो नसे. म्हणून ही गाडी खोक्यांत भरून सुट्या भागांनी मिळे आणि घेणारा ती आपल्या घरी जोडी. यातली गंमत अशी सांगतात की, सोबत जोडणीच्या सूचना दिल्या तर सरकार त्याला तयार माल धरी. म्हणून कंपनी गाडी सुटी कशी करावी याच्या सूचना देई, आणि गिऱ्हाईक त्या शेवटापासून आरंभाकडे वाची! १९७३ साली तिकडची करपद्धती बदलली आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी लोटसने त्या गाडीचे हक्क केटरहॅम या कंपनीला दिले, पण हौस काही संपली नाही. १९९६ साली रॉन चॅम्पियन नावाच्या गृहस्थांनी अशी गाडी अवघ्या २५० पौंडांत घरी कशी बनवावी याचे पुस्तकच लिहिले. तेव्हापासून जगभर अंगणाअंगणांतून तिच्या प्रतिकृती तयार होत आहेत.

हे परदेशाचे झाले. आपल्याकडे अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने याच सेव्हनच्या धर्तीवर फायबरग्लासच्या अंगाची 'रोडस्टर' बनविली होती. आणि प्रतिकृती नव्हे, तर अस्सल घरची मोटार म्हणायची तर इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींची 'मीरा'. शिक्षण सातवीपर्यंत. १९४९ साली त्यांनी पहिली छोटी मोटार केली, आणि मग ती मोडून-सुधारून पुन्हा करीत करीत १९७५ पर्यंत ते तिच्यामागे राहिले. मीरा बाजारात कधीच आली नाही. सामान्य माणसाची छोटी मोटार म्हणून जी मारुती देशभर पसरली, ती १९८३ च्या डिसेंबरात आली.

इकडे आमच्या अंगणात सांगाडा उभा राहू लागला. चौकोन कसा हलतो आणि त्रिकोण कसा हलत नाही, हे मला भाच्याने आमची जुनी बाज हलवून दाखविले. बाजेचे चार कोपरे चौकोनात असतात म्हणून ती डुगडुगते; त्यात एक तिरपी दांडी ठोकली की दोन त्रिकोण होतात आणि ती मुकाट उभी राहते. मोटारीचा सारा सांगाडा म्हणजे असे त्रिकोणच त्रिकोण. प्रत्येक पाईप आधी कापायचा, कानशीने कड घासायची, गुण्या लावून कोपरा बघायचा, मग नुसता टाका मारायचा, आणि दोन्ही कर्ण मोजायचे. कर्ण एक सूतभर जरी कमी-जास्त भरला तरी टाका तोडून पुन्हा पहिल्यापासून. पक्के वेल्डिंग सर्वांत शेवटी, आणि तेही एका बाजूला सलग नाही. थोडे इकडे, थोडे तिकडे. नाहीतर उष्णतेने सांगाडा पीळ खातो. उसाच्या ट्रॉल्या बनविणाऱ्या आमच्या गावातल्या एका कारागिराने वेल्डिंगचे यंत्र संध्याकाळनंतर वापरायला दिले. उन्हाळ्यात फायबरचे काम निघाले, तेव्हा तर पहाटे चारला उठावे लागे. कारण आमच्याकडच्या उन्हात राळ साच्यात पसरण्याआधी वाटीतच दगड होते. त्या उग्र वासाने शेजारच्या आजी आठ दिवस नाकाला पदर लावून होत्या.

मे महिन्यात आमचे दाजी आले. दाजी म्हणजे मुलाचे वडील. शेती कापसाची आणि उसाची, बोलणे मोजके. ते अंगणात उभे राहिले, सांगाड्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "काय करायलास रे? पिंजरा?"

मुलगा म्हणाला, "मोटार, दादा."

"किती गेले?"

"एक लाख वीस हजार. माझ्या पगारातले आहेत."

"आन् ही रोडवर चालती का?"

या प्रश्नाला उत्तर नव्हते, आणि ते तिघांनाही माहीत होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणीवाचून कोणतेही वाहन सार्वजनिक रस्त्यावर नेता येत नाही. आणि मोटारीचा नवा नमुना नोंदणीस पात्र व्हायचा तर तो आधी पुण्याच्या ए.आर.ए.आय.सारख्या मान्य संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. कारखान्याला तो खर्च हजारो गाड्यांवर वाटता येतो, अंगणातल्या एकुलत्या एका गाडीला तो झेपत नाही. नियम वाईट आहे असे मी म्हणत नाही. समोरून येणाऱ्या गाडीचा ब्रेक लागतो, ही खात्री मलाही हवीच असते. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी मुलाच्या हौसेखातर सुमारे ६० हजार रुपयांत भंगारातून चारचाकी केली, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी तिचे जाहीर कौतुक केले. पण नियमांमुळे ती रस्त्यावर चालू दिली जाणार नाही हेही त्यांनी त्याच वेळी म्हटले, आणि तिच्या बदल्यात २०२२ च्या जानेवारीत लोहारांना नवी बोलेरो दिली. कौतुकालाही आर.टी.ओ. चुकत नाही, तो असा.

दाजी माझ्याकडे वळले. "मास्तर, तुम्ही शिकलेले. लेकरू लोखंडात पैसा घालायलंय, नोकरी बघंना, आन् तुम्ही जागा दिली. दुसऱ्याची गाडी बघून तसलीच करायची, त्यात काय शाणपण हाय?"

दाजींना मी तेव्हा काही बोललो नाही, कारण घरच्या माणसाला व्याख्यान देऊ नये. पण रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी त्यांच्याशी मनातल्या मनात वाद घातला. दुसऱ्याचे बघून तसेच करण्यात काय शहाणपण, असे म्हणायचे तर आमच्या मराठी वाङ्मयाचा निम्मा इतिहास मला पुसावा लागेल. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० साली 'झुंझारराव' लिहिले ते शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून. सुटे भाग इंग्लंडचे, जोडणी मराठी. असे जोडता जोडता नाटक कुठे उभे राहते आणि कुठे डुगडुगते हे हाताला कळले, आणि १८९९ साली त्याच हाताने 'शारदा' लिहिले, जे कुणाचेच रूपांतर नव्हते. त्यानंतरही रूपांतराचा त्यांना कमीपणा वाटला नाही. १९१६ चे 'संशयकल्लोळ' मर्फीच्या इंग्रजी नाटकावरून, आणि मर्फीचे मोलिएरवरून. प्रतिकृतीची प्रतिकृती, आणि मराठी रंगभूमीवर ती अजून धावते आहे! केशवसुतांनी १८९२ साली चौदा ओळींचा जो साचा मराठीत आणला, तो इटलीहून इंग्लंडमार्गे आलेला. साचा परका होता म्हणून त्यातली कविता परकी ठरली नाही. नक्कल आणि प्रतिकृती यांत फरक एवढाच की, नक्कल करणारा वरचे रूप बघतो आणि प्रतिकृती करणाऱ्याला आतले सांधे बघावे लागतात.

हे सारे दाजींना कितपत पटले असते, देव जाणे. त्यांना जे पटले ते दुसरेच होते.

जूनमध्ये भाचा पेरणीसाठी शेतावर गेला. दाजींच्या ट्रॉलीचे टायर दर हंगामात एका कडेनेच झिजत. गेली कित्येक वर्षे ते रस्त्याला शिव्या देऊन नवे टायर घालीत. भाच्याने गप्पपणे दोरी घेतली, पुढच्या जोडाच्या खिळीपासून आखाच्या दोन्ही टोकांपर्यंत अंतर मोजले. तीन सूत फरक. आख जन्मापासूनच तिरका बसविलेला. चाके सरळ धावत नव्हती, घासत चालली होती. त्याने तो सोडवून, मोजून, पुन्हा बसविला. दाजींनी स्वतः दोरी धरून दोनदा खात्री केली आणि मग बांधावर बसून त्याला एक गोष्ट सांगितली. ती त्याने मला सांगितली.

दाजींच्या लहानपणी त्यांच्या अंगणात बैलगाडी तयार झाली होती. बाभळीचे लाकूड घरचे, सुतार गावचा, लोहार गावचा. तुंबा वेगळा, आरे वेगळे, साटी वेगळी. महिनाभर अंगणात नुसते सुटे भाग पडलेले. मग एके सकाळी गोवऱ्यांच्या जाळात लोखंडी धाव लाल केली, चौघांनी चिमट्यांनी उचलून चाकावर चढविली आणि वरून घागरी ओतल्या. लोखंड आकसले, सारे आरे एका क्षणात करकचून आवळले गेले. "तवा जो आवाज झाला," दाजी म्हणाले, "तो मला आजून ऐकू येतो. त्या गाडीला बी नंबर नव्हता."

वाचकांनी यावरून सारे गोड झाले असे समजू नये. दाजींना एक लाख वीस हजार अजूनही खुपतात, आणि ते खुपणे खोटे नाही. त्या पैशात विहिरीची डागडुजी झाली असती. भाच्याने मोटारीच्या कारखान्यात पुन्हा अर्ज केलेले नाहीत. ट्रॉल्या बनविणाऱ्या त्या कारागिराने त्याला कामावर घेतले आहे, आख बसविण्याचा पक्का साचा तयार करण्यासाठी. पगार पुण्याच्या निम्मा आहे. हा सौदा फायद्याचा की तोट्याचा, याचा हिशेब त्याची आई रोज एकदा आणि बायको आल्यावर ती रोज दोनदा करील.

मोटार मात्र चालते. समोरची काच अजून यायची आहे, भोंगा नाही, अंगाला रंग नाही. खंडेनवमीला भाच्याने मोटारीला हार घातला नाही. पूजा मांडली ती पान्ह्यांची, कानशीची आणि गुण्याची. दुसऱ्या दिवशी ती ट्रॉलीवर चढवून शेतावर नेली आणि दाजींच्या स्वतःच्या रानातल्या गाडीवाटेवर, जिथे कुणाचा कायदा आडवा येत नाही, तिथे तिची चाचणी झाली. शेजारच्या आसनावर कोण बसणार, असा प्रश्न होता. मी पुढे झालो होतो. पण दाजींनी टोपी नीट केली, धोतर सावरले आणि दार नसलेल्या त्या मोटारीत पाय टाकून ते आधीच बसले.

"हळू घे," ते म्हणाले, "पुढं वाफसा नाही, चाक रुतंल."