पाठराखण कीं शोकसभा?

सार्वजनिक कार्यकर्त्याचा खून झाला म्हणजे आमच्याकडील पुढचा कार्यक्रम ठरलेला असतो: सायंकाळीं शोकसभा, दुसरे दिवशीं निषेधाचा ठराव, वर्षानें स्मृतिदिन आणि त्याच्या नांवाचा पुरस्कार. या कामीं वक्त्यांची वाण कधींच पडत नाहीं. वाण पडते ती आधींच्या महिन्यांत. तेव्हां तो मनुष्य जिवंत असतो, अपरात्रीं त्याला धमक्या येत असतात, आणि त्याच्याबरोबर बाजारापर्यंत चालत जावयास कोणी मिळत नाहीं. शोकसभेवर आमचा आक्षेप नाहीं. तिनें या पूर्वींच्या कर्तव्याची जागा बळकावली, यावर आहे.

आपण होऊन धोका पत्करणाऱ्याचें रक्षण संस्थेनें कां करावें, आणि करावें तरी कसें? तिच्याजवळ ना शिपाई, ना बंदूक! असा प्रश्न मानवी हक्कांच्या कामांतील जाणते लोकही विचारतात. यांतील पहिला भाग आम्हांस निव्वळ सावकारी वाटतो. स्वयंसेवकाच्या धैर्यावर संस्थेस वर्गणी मिळते, नांवलौकिक मिळतो. म्हणजे व्याज संस्थेनें खावयाचें आणि मुद्दल बुडालें तर तें त्याच्या बायकामुलांचें! दुसऱ्या भागास मात्र सविस्तर उत्तर दिलें पाहिजे, कारण तें उत्तर प्रत्यक्ष घडलेलें आहे.

मध्य अमेरिकेंतील ग्वाटेमाला देशांत लष्करी राजवटींनीं हजारों माणसें नाहींशीं केलीं. अशा बेपत्ता माणसांच्या आप्तांनीं, विशेषतः स्त्रियांनीं, १९८४ सालीं 'ग्रुपो दे आपोयो मुतुओ', म्हणजे परस्पर-साहाय्य मंडळ, स्थापन केलें. आमचीं माणसें कोठें आहेत तें सांगा, एवढीच त्यांची मागणी. १९८५ च्या मार्चअखेर त्यांचे एक पुढारी हेक्टर गोमेझ यांस पळवून नेऊन, हाल करून मारण्यांत आलें. त्यांच्या अंत्यविधीच्या वेळीं बोललेल्या रोसारियो गोदोय या तरुण स्त्रीचें प्रेत, तिचा भाऊ व दोन वर्षांचा मुलगा यांच्या प्रेतांसह, ४ एप्रिल रोजीं सांपडलें. सरकारनें तो मोटारीचा अपघात ठरविला.

येथें शोक करून थांबणें सोपें होतें. परंतु १९८१ सालीं स्थापन झालेल्या 'पीस ब्रिगेड्स इंटरनॅशनल' या संस्थेचे मूठभर परदेशी स्वयंसेवक त्या देशांत होते; ते मंडळाच्या उरलेल्या चालकांबरोबर अहोरात्र राहूं लागले. हातांत काठीसुद्धां नाहीं. बाजारांत, बसमध्यें, सभेस, घराच्या उंबऱ्यापर्यंत बरोबर जावयाचें. मंडळाच्या कारभारांत लक्ष घालावयाचें नाहीं. आणि कांहीं घडल्यास तें तत्काळ देशोदेशीं कळवावयाचें, इतकेंच त्यांचें काम. नव्या सुनेबरोबर पाठराखीण जाते, ती काय सासरच्यांशीं लढावयास जाते? हिचें माहेर पाहत आहे, एवढें तिच्या नुसत्या असण्यानें सांगितलें जातें. ही पाठराखण लाभलेले चालक वांचले; त्यांपैकीं निनेथ मोन्तेनेग्रो या बाई पुढें त्या देशाच्या कायदेमंडळांत निवडून आल्या.

हा उपाय रामबाण आहे असें आम्ही म्हणत नाहीं. १९८९ सालीं याच स्वयंसेवकांच्या घरावर बाँब फेंकण्यांत आला व तिघांस भोसकण्यांत आलें. शिवाय यांत एक बोचणारी गोष्ट आहे. खुनी भितो तो परदेशी पारपत्रास, म्हणजे कांहीं देशांतल्या प्राणांचें मोल अधिक धरणाऱ्या जगास. हें लज्जास्पद खरें. पण जग सुधारेपर्यंत धमकावलेल्या बाईनें एकटीनेंच घरीं जावें काय?

मात्र पाठराखण जाहीर असली पाहिजे. होंडुरासमधील बेर्ता कासेरेस यांस रक्षण द्यावें असें आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोगानें २००९ सालींच त्या सरकारास बजावलें होतें. तें कागदावर राहिलें आणि २ मार्च २०१६ च्या रात्रीं घरांतच त्यांचा खून झाला. त्या रात्रीं मेक्सिकोंतील एक कार्यकर्ते घरांत होते, तेही जखमी झाले. पण ते पाहुणे होते, जगजाहीर साक्षीदार नव्हते.

कित्येक संस्था अशा वेळीं स्वयंसेवकास परदेशीं हलवितात. चार-सहा महिन्यांचा विसांवा म्हणून हें योग्यच. कायमचा उपाय म्हणून नव्हे. हा मनुष्य गांवांतून जावा, याहून धमकी देणाऱ्यास तरी दुसरें काय हवें असतें?

आतां आपल्या घराकडे पाहूं. तळेगांव दाभाडे येथील सतीश शेट्टी यांनीं माहितीच्या अधिकारान्वयें जमिनींचे गैरव्यवहार उघडे केले, धमक्या आल्यावर पोलिसांकडे संरक्षण मागितलें. आणि १३ जानेवारी २०१० रोजीं सकाळीं फिरावयास निघाले असतां त्यांचा खून झाला. गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या रक्षणासाठीं २०१४ सालीं कायदा झाला, पण तो वर्षानुवर्षें अंमलांत आणलाच गेला नाहीं. त्यांतल्या त्यांत शहाणपण दाखविलें केंद्रीय माहिती आयोगानें. सप्टेंबर २०११ मध्यें त्यानें ठरविलें कीं, माहिती मागणाऱ्यावर हल्ला वा त्याचा खून झाल्यास त्याचे पडून राहिलेले अर्ज तपासून ती माहिती प्रसिद्ध करण्यास त्या त्या खात्यास सांगावें. यांतील मर्म असें कीं, खून करूनही खुन्याचा कार्यभाग साधूं नये.

संस्थांना हें सूत्र धरतां येणार नाहीं काय? धोक्याच्या कामाचे कागद दुसऱ्या दोघांजवळ असावे व ते तसे आहेत हें सर्वांस ठाऊक असावें. धमकी आल्यास ती त्याच दिवशीं प्रसिद्ध करावी. सोबत जाणाऱ्यांच्या पाळ्या लावाव्या. याला मोठा निधि लागत नाहीं, सवड लागते. पुरस्कारसमारंभासाठीं महिनाभर धांवपळ करणाऱ्या मंडळींस ती कां होत नाहीं, हें आम्ही त्यांच्या चालकांस विचारीत आहों. आमच्या पेन्शनर वाचकांपैकीं पुष्कळांस पहाटे फिरावयाची संवय आहे. गांवांत असा कोणी धमकावलेला मनुष्य असल्यास त्यांतील दोघांनीं आपला रस्ता त्याच्या दारावरून नेण्यास हरकत नसावी.