फवारणीचा डोस विचारतो, मग हे का नाही?



आज सोयाबीनवर लिहीत नाही, तुरीवरबी नाही. पण शेतीचंच आहे, म्हणून या पानावर लिहितो.

मागच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर सोयाबीन विकलं. काट्यावरून पैसे घेतले अन् घरी पोचलो दुसऱ्या दिवशी. निम्मे पैसे खिशात नव्हते. कुठं गेले ते सांगायची गरज नाही, गावाला माहीत होतं. घरी आलो तर फवारणीचं औषध ठेवतो त्या कोठीला नवं कुलूप. म्हणलं, चोर कोण आहे घरात? बायको म्हणाली, "चोरासाठी नाही, तुमच्यासाठी लावलं. पेल्यावर मराच्या गोष्टी करता तुम्ही." किल्ली तिच्या पदराला.

मी अशा गोष्टी करतो हे मला आठवतही नव्हतं.

सोडायच्या शपथा आधी चार वेळा घेतल्या होत्या. देवापुढं, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून, सगळं झालेलं. एकदा एकदम बंद केली तर तिसऱ्या दिवशी हातपाय थरथरायला लागले, भिंतीवर नसलेले किडे दिसायला लागले. भ्यालो अन् परत घेतली. लोक म्हणाले, याच्यात दम नाही. खरं म्हणजे रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम सोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून आधी डॉक्टर, मग शपथ. हे मला १४४१६ वर फोन केल्यावर कळलं. टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. व्यसनासाठीच वेगळा १४४४६ आहे.

डॉक्टरांच्या औषधानं पहिले दिवस निघाले. पण पुढं काय? पारावर बसणारे तेच, रस्ता तोच. तिथल्या समुपदेशकानं अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची, म्हणजे एएची मिटिंग सांगितली. शेजारच्या जिल्ह्याच्या गावी, रविवारी संध्याकाळी. एसटीनं जाऊन दोनदा दारातूनच परत आलो. ओळखीचं कोणी दिसलं तर? तिसऱ्या वेळी आतल्या एकानं पाहिलं. म्हणाला, "ये ना भाऊ, बस. चहा घे."

शाळेची खोली, नऊ-दहा माणसं. एक ड्रायव्हर, एक शिंपी, एक मास्तर, दोघं माझ्यासारखे शेतकरी. जो तो नाव सांगतो, मी मद्यपी आहे म्हणतो, अन् आपली कथा बोलतो. मधे कोणी तोडत नाही, उपदेश करत नाही. मास्तर पोराच्या फीच्या पैशाचं बोलले तेव्हा मला माझे सोयाबीनचे पैसे दिसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं, आपण एकटेच नाही.

ही पद्धत अमेरिकेत १९३५ साली दोन दारू पिणाऱ्यांनीच सुरू केली, एक शेअर दलाल अन् एक डॉक्टर. फी नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट. आडनाव कोणी विचारत नाही. घरच्यांसाठी अल-अॅनॉन नावाचे वेगळे गट असतात. आपल्या महाराष्ट्रात पुण्याला डॉ. अनिता अन् अनिल अवचटांनी १९८६ मध्ये मुक्तांगण काढलं, तिथं दाखल होऊन उपचार होतात. रस्ते आहेत, पण आपल्या गावापर्यंत ते कोणी सांगत नाही.

आता माझं मत. दारूबंदीवर आपण भांडतो. आडवी बाटली करणाऱ्या बायांना माझा सलामच आहे. पण वर्धा जिल्ह्यात कितीक वर्षांपासून बंदी आहे, तरी पिणारा तिथंही पितोच. बंदीनं दुकान उठतं. ज्याला लागली आहे त्याला बसायला जागा मात्र मिळत नाही. म्हणून वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, सहाही तालुक्यांत आठवड्याला एक मिटिंग पाहिजे. खर्च काय? एक खोली, एक सतरंजी अन् चहा. नवीन माणसाला दोन-दोन एसट्या बदलाव्या लागल्या तर तो दारूच्या दुकानाशीच उतरतो. मी उतरलो आहे.

कृषी सहायक अन् कृषी केंद्रवाल्या भावांना एक विनंती. तुम्ही औषध देताना डोस सांगता, मास्क सांगता. सोबत एवढं सांगा: पेलेल्या माणसाच्या हाती पंप देऊ नका, अन् डबा घरात उघडा ठेवू नका, कुलपात ठेवा. दुकानाच्या भिंतीवर ते दोन नंबर लिहा. आमच्या घरचं कुलूप साठ रुपयांचं होतं.

मी सुधारलो असं म्हणत नाही. आज पेलो नाही, एवढंच म्हणतो. तिथं तेच शिकवतात, आजचा दिवस सांभाळ. मधे पोळ्याला एकदा घसरलो. पुढच्या रविवारी जाऊन सांगितलं. कोणी हसलं नाही.

खोडमाशी दिसली की रात्री अकराला फोटो टाकून विचारता ना? मग हेही विचारा. कॉमेंटमध्ये नको, मेसेज करा. तुमचं नाव माझ्याजवळच राहील. रविवारी जायचं असलं तर सांगा, सोबत जाऊ.

कोठीची किल्ली अजून बायकोजवळच आहे. मी मागितली नाही.