बेचाळीस दिवसांनंतरची हानी

गर्भारपणात किंवा प्रसूतीनंतर ४२ दिवसांच्या आत, त्यातून उद्भवलेल्या किंवा त्यामुळे बळावलेल्या कारणाने स्त्री दगावली, तर तिची नोंद ‘मातामृत्यू’ म्हणून होते. तिच्या मागे राहिलेल्या मुलांचे पुढे काय झाले, हे त्या आकड्यात दिसत नाही. मानवी भांडवलाची खरी हानी सुरू होते ती तिथूनच.

बांगलादेशातील मतलब भागात गावोगावच्या जन्ममृत्यूंची नोंद दशकानुदशके काटेकोर ठेवली गेली. तिच्यावर आधारलेला अभ्यास २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. आई हयात असलेली मुले दहा वर्षांची होईपर्यंत जगण्याची शक्यता ८९ टक्के होती. ज्यांची आई त्याआधीच, कोणत्याही कारणाने, गेली त्यांच्यात ती अवघी २४ टक्के होती. वडिलांच्या मृत्यूने असा फरक पडला नाही. सर्वाधिक धोका दोन ते पाच महिन्यांच्या बाळांना होता: या वयात अंगावरचे दूध एकाएकी तुटते आणि त्याला पर्याय नसतो. जी भावंडे तगतात, त्यांना सांभाळायला अनेकदा थोरली बहीणच शाळा सोडते. एका मृत्यूत पुढच्या पिढीचे शिक्षण बुडते ते असे.

उलट बाजू श्रीलंकेने दाखवली. १९४६ ते १९५३ या काळात तिथे बाळंतपणातील मृत्यूंचा धोका सुमारे ७० टक्क्यांनी घटला. मुलगी जगेल अशी खात्री वाटू लागली, तसे आईबाप तिला अधिक शिकवू लागले. मुलींची साक्षरता आणि शालेय वर्षे दोन्ही वाढल्याचे अर्थतज्ज्ञांनी दाखवून दिले आहे.

भारतातही परिस्थिती सुधारली आहे, पण सरासरीवर विसंबणे धोक्याचे आहे. २०१८-२० मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ माता दगावल्या. केरळात १९, आसामात १९५. अंगात रक्त कमी असलेल्या बाळंतिणीला अतिरक्तस्राव झाला, तर हाती उरतात ते काही तास. तेवढ्यात गाडी, रक्ताची पिशवी आणि शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, यांतले एकही चुकून चालत नाही. केवळ दवाखान्यात प्रसूती झाल्याची टक्केवारी वाढल्याने हे तिन्ही मिळत नाहीत.

तरुण लोकसंख्येच्या जोरावर महासत्ता होण्याची भाषा करणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडावा. तालुक्याच्या रुग्णालयातील रक्तसाठ्यावरचा खर्च हा शिक्षणावरचाही खर्च आहे. तिथे केलेली काटकसर पुढच्या पिढीकडून व्याजासकट वसूल होईल.