बाराची सावली

लहान मुलांना सावलीचे वेड असते, हे कोणा आईबापांना सांगायला नको. भिंतीवर बोटांचे हरिण नाचवले नाही असे घर विरळाच. उन्हातल्या सावलीचा अभ्यास मात्र आपण पाठांतरावर सोपवतो: सकाळी लांब, संध्याकाळी लांब, आणि दुपारी बाराला सूर्य डोक्यावर, सावली पायाखाली!

धुळ्याच्या माझ्या सात वर्षांच्या भाचीने गेल्या डिसेंबरात चाचणीच्या पेपरात लिहिले, ‘बारा वाजता सावली माझ्याएवढी असते.’ शाळेच्या मैदानावर तिने ती पाहिली होती. त्या प्रश्नाला गुण मिळाला शून्य. बहीण तिला म्हणाली, “अगं, पाठ करून घेतलंय तेच लिहावं!” मुलगी गप्प बसली. मला ते गप्प बसणे बोचले.

कारण उत्तर तिचेच बरोबर होते. धुळे काय, जळगाव काय, दोन्ही विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे 21 अंशांवर. 22 डिसेंबरला भर मध्यान्हीसुद्धा सूर्य इथे क्षितिजापासून जेमतेम 45 अंश चढतो; म्हणजे ज्याची त्याची सावली ज्याच्या त्याच्या उंचीइतकी. सूर्य नेमका डोक्यावर येतो तो वर्षातून दोनदाच, 25 मे आणि 18 जुलैच्या आसपास. जुलैचा दिवस बहुधा ढगांत जातो. मे महिन्यात मात्र सावली खरोखरच नाहीशी होते. पण तीही बाराला नव्हे, जळगावात साधारण बारा पंचविसाला, धुळ्यात त्यानंतर तीन मिनिटांनी. आपले घड्याळ चालते साडेब्याऐंशी रेखांशावर. सूर्याला त्याचे काय?

आणि हे आपल्या खानदेशात सांगावे लागावे! चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. तेराव्या शतकाच्या आरंभीचा. त्यांच्या ‘लीलावती’त तर सावलीच्या गणितांचे स्वतंत्र प्रकरणच आहे.

मुलांना गणित नंतर शिकवा. या दिवाळीच्या सुट्टीत गच्चीवर एखाद्या कुंडीत काठी सरळ रोवा, आणि दर तासाला सावलीच्या टोकाशी मुलाच्या हाताने खडूची खूण करवा. बारा ते साडेबारा मात्र पाच-पाच मिनिटांनी. (उन्हात टोपी घालायला लावा, आईची बोलणी टळतील.) सर्वांत आखूड सावली बाराच्या ठोक्याला नव्हे, दहा-पंधरा मिनिटांनी सापडेल, आणि ती बरोबर उत्तरेकडे पडलेली असेल. होकायंत्र नसताना घरातली उत्तर दिशा मुलाने शोधली, की त्याचा चेहरा पाहा.

त्या आखूड सावलीच्या टोकाशी तारीख घालून ठेवा. पंधरा दिवसांनी टोक पुढे सरकलेले दिसेल, नाताळापर्यंत आणखी सरकेल, आणि पुढे मागे फिरू लागेल. का, हे मुलानेच विचारावे. तोवर आपण सांगू नये.