बिबट्या नंबर सात, तुझं मिशन ऊस!

सीन पहिला. रात्रीचे अकरा. नारायणगावजवळ नंबरप्लेट नसलेला ट्रक थांबतो. काळा गॉगल लावलेले (हो, रात्री!) वनखात्याचे एजंट पिंजऱ्याचं दार उघडतात. ‘बिबट्या नंबर सात, तुझं मिशन ऊस!’ वर ड्रोनचा लाल दिवा लुकलुकतो, खोडदची डिश गर्रकन वळते आणि तिकडे मुंबईत कुणाची तरी खुर्ची हलते.

हसू नका. यातली प्रत्येक गोष्ट तुम्ही पारावर नाहीतर व्हॉट्सअॅप ग्रुपवर ऐकलीय. फक्त गॉगल माझा.

२०२४ च्या जून-जुलैत जुन्नर-आंबेगावात रात्री ड्रोन दिसत होते. लोक घाबरले, ती भीती खरीच होती. पण सकाळपर्यंत त्याचे अर्थ किती निघाले, आठवा. चोरांची रेकी, गुपचूप सर्व्हे, निवडणुकीचा डाव. अंतरवाली सराटीवर ड्रोन दिसल्यावर तर विषय विधिमंडळात गेला.

खोडद परिसरातल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना फक्त ऐकतात, तेही आकाशाचं. २०१६ मध्ये मंगळावर उतरणाऱ्या शियापरेली यानाचा क्षीण सिग्नल त्यांनी पकडला होता. तुमच्या आत्याचा फोन त्यांना ऐकायचा नसतोच; उलट मोबाईलचा गोंगाट त्यांना अडचणीचा.

बिबट्याच्या कहाणीत मात्र खऱ्याचा कण आहे, तो मान्य करायला हवा. २००० नंतरची काही वर्षं पकडलेले बिबटे खरंच दुसरीकडे नेऊन सोडले जात. अशा सोडण्यानं हल्ले वाढू शकतात, हे विद्या अत्रेया आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात उघडपणे छापून आलंय. गुप्त फाईल वगैरे काही नाही. बाकी धरणांचं पाणी आलं, ऊस वाढला, लपायला जागा झाली, वस्तीवर कुत्री आहेतच. बिबट्याला ट्रक कशाला लागतो?

माझा राग वेगळाच आहे. कटाच्या गप्पांत ‘पाणी भरायला दिवसा वीज कधी देणार?’ हा प्रश्न राहूनच जातो. आणि संशय शेवटी मंत्र्यावर नाही, वाटसरूवर निघतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी समजून, भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. त्याआधी फिरत होते ते असेच फॉरवर्ड.

तेव्हा पुन्हा लाल दिवा दिसला, तर आधी ११२ ला फोन लावा. ग्रुपवर टाकायचंच असेल तर किती वाजता, कुठल्या दिशेला, एवढंच टाका. गॉगलवाला एजंट माझ्याकडेच राहू द्या, मला दुसरा भाग लिहायचाय.