वेगाच्या आकड्यावर मुद्रा कोणाची?

सुरतच्या महिधरपुऱ्यातील हिरेबाजारात व्यवहार होतो तो कॅरेटच्या शंभराव्या भागापर्यंत. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. त्याचा शंभरावा भाग अवघा २ मिलिग्रॅमचा. एवढ्याशा फरकाने हिऱ्याची किंमत बदलते. म्हणूनच तेथील तराजू वैधमापन कायद्याखाली पडताळलेला असावा लागतो आणि त्यावर शासकीय मुद्रा असावी लागते. खरेदीदार आणि विक्रेता यांचा एकमेकांवर विश्वास असो वा नसो, दोघांचाही विश्वास त्या काट्यावर असतो. याच शहरात डुमस रस्त्यावर उभ्या असलेल्या पोलिसाच्या हातातील यंत्र समोरून येणाऱ्या गाडीचा वेग ताशी ८६ किलोमीटर दाखवते, तेव्हा त्या आकड्यामागे कोणती मुद्रा असते, हा प्रश्न मात्र आपल्याकडे फार उशिरा विचारला गेला.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने तो गेल्या वर्षी विचारला. वाहनांचा वेग मोजणाऱ्या सूक्ष्मलहरी डॉप्लर रडार यंत्रांसाठी वैधमापन कायद्याखाली स्वतंत्र नियम करण्यात आले आणि ते १ जुलै २०२५ पासून लागू झाले. यापुढे अशा यंत्राची पडताळणी होऊन त्यावर मुद्रा उमटल्याशिवाय ते वापरता येणार नाही. आंतरराष्ट्रीय वैधमापन संघटनेची या विषयावरील शिफारस त्यासाठी आधारभूत धरण्यात आली आहे. भाजीवाल्याचा काटा आणि पेट्रोलपंपाचे माप यांना अनेक दशके लागू असलेली शिस्त पोलिसांच्या रडारला आता लागू झाली आहे.

आकडा मोठा, मोजमाप अपुरे

वेगाचे मोजमाप अचूक असावे, ही केवळ दंड टाळू पाहणाऱ्यांची मागणी नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील ७१.२ टक्के मृत्यूंचे कारण 'अतिवेग' असे नोंदवले गेले. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भौतिकशास्त्राचा हिशेबही तसाच निर्दय आहे. ताशी ५० ऐवजी ७० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीची गतिज ऊर्जा जवळपास दुप्पट असते.

तरीही या ७१.२ टक्क्यांकडे सावधपणे पाहावे लागते. अपघातानंतर नोंदवले जाणारे 'अतिवेग' हे कारण बहुतेक प्रकरणांत कोणत्याही यंत्राने मोजलेले नसते. घटनास्थळाची पाहणी, साक्षीदारांचे म्हणणे आणि तपास अधिकाऱ्याचा अंदाज यांवर ते ठरते. रस्त्याची चुकीची आखणी, अपुरा प्रकाश, अचानक संपणारा दुभाजक ही कारणे त्या एका शब्दाखाली झाकली जाऊ शकतात. ज्या कारणाने सर्वाधिक माणसे मरतात असे सांगितले जाते, त्याचेच मोजमाप सर्वांत कमी होते.

वेग प्रत्यक्ष मोजला गेला तर काय होते, हे गुजरातनेच पाहिले आहे. २० जुलै २०२३ च्या पहाटे अहमदाबादच्या इस्कॉन उड्डाणपुलावर एका भरधाव मोटारीने आधीच्या अपघाताच्या ठिकाणी जमलेल्या लोकांना चिरडले. नऊ जणांचा बळी गेला. त्यांत बंदोबस्तावर असलेले कर्मचारीही होते. न्यायवैद्यक तपासणीत मोटारीचा वेग ताशी १४१ किलोमीटरहून अधिक असल्याचे निष्पन्न झाले. चालकावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला. अशा खटल्यात 'गाडी फार जोरात होती' हे वाक्य आणि तपासून घेतलेला आकडा यांच्या वजनात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

यंत्र वेग कसा मोजते?

पोलिसांच्या हाती आज प्रामुख्याने तीन पद्धती आहेत. पहिली रडारची. यंत्रातून निघालेल्या सूक्ष्मलहरी गाडीवर आदळून परत येतात. गाडी जवळ येत असेल तर परतलेल्या लहरींची कंप्रता वाढलेली असते. २४ गिगाहर्ट्झच्या लहरी वापरणाऱ्या यंत्रात ताशी १०० किलोमीटर वेगाला हा फरक सुमारे ४,४५० हर्ट्झचा पडतो. रेल्वेच्या शिट्टीचा स्वर गाडी जवळ येताना चढतो आणि दूर जाताना उतरतो, त्यामागेही हेच डॉप्लर तत्त्व असते. म्हणूनच ठराविक कंप्रतेचा नादकाटा वाजवून यंत्रासमोर धरला की ते ठराविक वेग दाखवते. हाती धरायच्या रडारची ही जुनी, साधी तपासणी आहे.

रडारची अडचण त्याच्या झोताच्या रुंदीत आहे. झोत १२ अंशांचा असेल तर १०० मीटरवर तो सुमारे २१ मीटर रुंद होतो. एवढ्या पट्ट्यात दोन-तीन मार्गिका सहज मावतात. पुढे संथ रिक्षा आणि मागे वेगवान ट्रक असेल, तर पडद्यावरील आकडा कोणाचा, हे यंत्र सांगत नाही. ते अधिकाऱ्याने ठरवायचे असते. मोठा पत्रा असलेला ट्रक छोट्या दुचाकीपेक्षा अधिक लहरी परतवतो, हे लक्षात घेतले की चूक कोठे होऊ शकते हे कळते.

दुसरी पद्धत लेझरची. या यंत्रातून अदृश्य प्रकाशाचे स्पंद सुटतात. ३०० मीटरवरील गाडीपर्यंत जाऊन परत यायला त्यांना २ मायक्रोसेकंद लागतात. लागोपाठच्या स्पंदांवरून अंतर किती कमी झाले हे कळते आणि त्यावरून वेग निघतो. लेझरचा किरण ३०० मीटरवरही साधारण मीटरभरच पसरतो, त्यामुळे गर्दीतील एकच गाडी निवडता येते. येथे धोका वेगळा आहे. मोजणी चालू असताना हात हलला आणि किरण गाडीच्या काचेवरून घसरून मीटरभर पुढे असलेल्या क्रमांकपट्टीवर आला, तर यंत्राच्या लेखी गाडी त्या क्षणात मीटरभर अधिक पुढे सरकलेली असते. तीन दशांश सेकंदांत मीटरभर म्हणजे ताशी १२ किलोमीटर. चांगली यंत्रे अशी विसंगत मोजणी ओळखून नाकारतात. परंतु यंत्र चांगले आहे की नाही, हे सिद्ध व्हायला पडताळणीच लागते.

तिसरी पद्धत सरासरी वेगाची. दोन ठिकाणचे कॅमेरे क्रमांकपट्टी टिपतात आणि मधले अंतर लागलेल्या वेळाने भागले जाते. दहा किलोमीटर पाच मिनिटांत कापले, तर सरासरी वेग ताशी १२० निघतो. यात हाताचा दोष नाही. मात्र दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळे जुळलेली असावी लागतात आणि मधले अंतर काटेकोर मोजलेले असावे लागते.

वाहनचालकांचा एक गैरसमजही येथे दूर व्हायला हवा. रस्त्याच्या कडेला तिरपे उभे राहून मोजले म्हणून वेग जास्त दिसला, असे पुष्कळदा म्हटले जाते. प्रत्यक्षात उलटे घडते. स्थिर यंत्र आणि गाडीची दिशा यांत १० अंशांचा कोन असेल तर मोजलेला वेग दीड टक्क्याने कमी येतो; २० अंशांत सहा टक्क्यांनी. हा दोष चालकाच्या फायद्याचाच आहे. गाडीतील वेगदर्शकही बहुधा प्रत्यक्षापेक्षा थोडा अधिक वेग दाखवतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमानुसार त्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचे नसते. अधिक मात्र दहा टक्के आणि वर ताशी ४ किलोमीटर इतके दाखवले तरी चालते.

चालणारे झाड, थांबलेली मोटार

यंत्रावरचा अतिविश्वास किती महागात पडतो, याची दोन उदाहरणे अमेरिकेत घडली. १९७९ मध्ये मायामीतील एका दूरचित्रवाणी वाहिनीने पोलिसांच्या रडारने ताडाच्या झाडाचा वेग ताशी ८६ मैल, तर एका घराचा २८ मैल नोंदवल्याचे दाखवले. पुढे तेथील न्यायालयाने त्या स्थितीतील रडारचा पुरावा ग्राह्य धरण्यास नकार दिला. २०१२ मध्ये बाल्टिमोर शहरात सिग्नलला थांबलेल्या मोटारीला ताशी ३८ मैल वेगाची नोटीस गेल्याचे स्थानिक वृत्तपत्राने उघडकीस आणले. त्यानंतर तेथील कॅमेरे बंदच करावे लागले. चुकीच्या नोटिसांची संख्या एकूण नोटिसांच्या तुलनेत थोडी होती. पण त्यांनी बाकीच्या, खऱ्या नोटिसांचीही विश्वासार्हता घालवली. वेगाने गाडी हाकणाऱ्यांचा त्यात लाभ झाला.

जर्मनीने यावर साधा उपाय केला आहे. मोजलेल्या वेगातून ताशी १०० किलोमीटरपर्यंत ३ किलोमीटर आणि त्यापुढे तीन टक्के वजा करूनच कारवाई होते. समजा मर्यादा ७० ची आहे आणि यंत्र ७२ दाखवते. तर खरा वेग ६९ असू शकतो, म्हणून तो आकडा काहीच सिद्ध करत नाही. यंत्राने ८६ दाखवले असेल, तर कोणतीही सूट देऊन चालक दोषीच ठरतो. मर्यादा उघड सांगितल्याने कायदा सैल होत नाही. उलट वादाला जागा उरत नाही.

कायदा काय सांगतो?

भारतीय कायद्याला हे अपरिचित नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८३ नुसार केवळ एका साक्षीदाराच्या मतावरून अतिवेगाबद्दल कोणाला दोषी ठरवता येत नाही; ते मत यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक साधनाने केलेल्या मोजणीवर आधारलेले असावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३६-अ आले आणि रस्त्यांवर इलेक्ट्रॉनिक देखरेखीची जबाबदारी राज्यांवर टाकण्यात आली. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यासाठी नियम १६७-अ लागू झाला. स्पीडगन असो वा कॅमेरा, प्रत्येक यंत्राला ते अचूक असल्याचे राज्याच्या प्राधिकाऱ्याचे प्रमाणपत्र हवे आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण हवे. देखरेख होत असलेल्या रस्त्यावर तसा ठळक फलक हवा. नोटिशीसोबत गाडीचे व क्रमांकपट्टीचे स्पष्ट छायाचित्र, यंत्राने मोजलेला आकडा, दिनांक, वेळ आणि ठिकाण हवे. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदींची अंमलबजावणी करण्याचे निर्देश राज्यांना दिले.

येथेच नव्या नियमांची मर्यादा दिसते. जुलै २०२५ चे नियम नावाप्रमाणे सूक्ष्मलहरी डॉप्लर रडारसाठी आहेत. लेझर यंत्र आणि सरासरी वेग काढणारे कॅमेरे यांचे तत्त्व वेगळे आहे, त्यांच्या चुकाही वेगळ्या आहेत. त्यांच्यासाठी तितक्याच तपशिलाची मापनशास्त्रीय चौकट झाली नाही, तर एका यंत्राला मुद्रा आणि दुसऱ्याला केवळ वार्षिक प्रमाणपत्र, अशी विषम स्थिती राहील. दंड भरणाऱ्याला मात्र आपला वेग कोणत्या यंत्राने मोजला, याची निवड नसते.

सुरतमध्ये हा प्रश्न मराठी माणसाच्या दाराशीही आहे. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली हजारो कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांच्यातील कितीतरी जणांचे पोट रिक्षा, टेम्पो आणि कापडाच्या गाठी वाहणाऱ्या ट्रकवर चालते. हलक्या वाहनाला अतिवेगासाठी कायद्याने एक ते दोन हजार, तर मध्यम व अवजड वाहनाला दोन ते चार हजार रुपये दंड आहे. रोजच्या कमाईवर जगणाऱ्यासाठी ही रक्कम लहान नाही. त्याच वस्त्यांतील मुले आणि वृद्ध पायी रस्ता ओलांडतात, तेव्हा भरधाव वाहनाखाली येण्याचा धोकाही त्यांनाच अधिक असतो. अचूक यंत्राची गरज दोन्ही बाजूंनी याच लोकांना आहे.

गोव्यालाही हा हिशेब टाळता येणार नाही. लहानशा या राज्यात २०२२ मध्ये अडीचशेहून अधिक माणसे रस्त्यांवर दगावली. मेरशी जंक्शनवर २०२३ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित वाहतूक यंत्रणा आली आणि पत्रादेवी ते पोळे या महामार्गावर देखरेख वाढवण्याची मागणी प्रत्येक मोठ्या अपघातानंतर होते. ती रास्तच आहे. तिच्यासोबत आणखी तीन गोष्टी मागाव्या लागतील. यंत्राच्या पडताळणीचा दिनांक आणि प्रमाणपत्राचा क्रमांक नोटिशीवर छापावा. किती सूट वजा केली ते त्याच कागदावर लिहावे. कोणत्या रस्त्यावर कोणते यंत्र आहे आणि त्याची पुढील पडताळणी केव्हा, याची यादी वाहतूक खात्याने संकेतस्थळावर ठेवावी. यातील एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही.

काट्यावरची मुद्रा पाहून हिरेबाजारातील दलाल वजनावर वाद घालत नाही. तो थेट भावावर येतो. वेगाच्या नोटिशीवरही तशीच मुद्रा दिसली, तर चालकाला यंत्राशी भांडत बसण्याचे कारण उरणार नाही. मग प्रश्न राहील तो त्याच्या पायाखालच्या ॲक्सिलरेटरचा.